अरबी समुद्रात ‘सिस्टीम’ झाली म्हटलं की आपण भात कापायचं का थांबायचं? (बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगड सगळ्यांनी सांगा)

जांबोटीकर
नमस्कार मंडळी. दर वर्षी ऑक्टोबर आला, भात पिवळं पडलं, विळ्यांना धार लावून झाली की नेमकं टीव्हीवर सुरू होतंय, अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र, मच्छीमारांना इशारा, समुद्र खवळणार, ताशी ५५ किलोमीटर वारा. अर्धं गाव म्हणतंय कापा लवकर, अर्धं म्हणतंय थांबा. आमच्या इथनं घाट उतरला की गोवाच, समुद्र काय फार लांब नाही, पण इशारा तर बोटवाल्यांना असतो. मग त्यातलं आपल्याला लागू काय आणि बोटवाल्यांपुरतं काय? कापून आडवं टाकलेलं भात दोन दिवस भिजलं की दाणा काळा पडतोय, कोंब फुटतात, गवताला वास मारतो, म्हैस तोंड लावत नाही. उभं ठेवलं तर वाऱ्यानं लोळतंय. मजूर आधी सांगून ठेवावे लागतात, मशीनची पाळी असते, आज नको म्हटलं की ती पाळी गेलीच.
हे समुद्राचे अंदाज कुणी नीट वाचतं का? कुठं बघायचं, आणि किती दिवस आधीच्या अंदाजावर विश्वास ठेवायचा? टीव्हीवाल्यांचं नको, ते ढग जमायच्या आधीच ‘थैमान’ म्हणतात.

निपाणीकर
चांगला धागा. आमच्याकडं भात कमी, पण सोयाबीन काढून रस्त्यावर, अंगणात वाळत घातलेलं असतंय त्याच दिवसांत. ताडपत्रीचा भाव इशारा आला की वाढतो, हा माझा सगळ्यात पक्का अंदाज 😄

येळ्ळूरचा_मसूर
मी तर अजून वडील सांगायचे तसंच बघतो. हत्तीचा पाऊस (हस्त नक्षत्र) निघून जाऊ द्यायचा, चित्रात जरा बघायचं, स्वातीत कापायचं. आमच्याकडं भात निघालं की त्याच ओलीवर मसूर, वाटाणा पडतो, त्यामुळं फार उशीरही चालत नाही. मोबाईलवर चार जण चार अंदाज दाखवतात आणि चौथा म्हणतो पुण्यात पडणार. पुण्यात पडणार तर मला काय करायचंय?

टिळकवाडी_टॉक
@येळ्ळूरचा_मसूर दादा, नक्षत्रावर माझा राग नाही, पण नक्षत्र सांगतंय की या पंधरवड्यात साधारण असं असतंय. त्या पंधरवड्यातल्या मंगळवारी पडणार का शुक्रवारी हे ते कसं सांगणार? २०१९ ला ऐन दिवाळीत क्यार वादळ आलं तेव्हा स्वातीच होती की. आमच्या मामांचं भात वडगावच्या शिवारात कापून पडलेलं, बळ्ळारी नाल्याकडचं. त्याच वर्षी ऑगस्टच्या पुरानं आधीच एकदा धुऊन नेलेलं, राहिलं ते दिवाळीत भिजलं.

येळ्ळूरचा_मसूर
होय, क्यारच्या वेळी आमचंही भिजलं. पण बघा, तेव्हा सगळे म्हणत होते वादळ ओमानला चाललंय, इकडं काही नाही. मग भिजलं कसं?

दर्यावर्दी_शहापूर
हा प्रश्न महत्त्वाचा आहे म्हणून लिहितो. मी मूळ शहापूरचा, बरीच वर्षं मर्चंट नेव्हीत काढली, आता घरी असतो. जहाजावर आम्हाला हवामान बघणं हे जेवणाइतकं रोजचं, त्यामुळं जे कळतं ते सांगतो.
आपल्या गोलार्धात वादळाचे वारे घड्याळाच्या काट्याच्या उलट फिरतात. म्हणजे वादळ किनाऱ्याच्या पश्चिमेला, समुद्रात असेल तर त्याच्या पूर्वेकडच्या बाजूला, म्हणजे आपल्याकडं, दक्षिणेकडून आणि नैऋत्येकडून वारं येतंय. ते वारं समुद्रावरनं भरपूर बाष्प घेऊन सरळ सह्याद्रीवर आपटतं. कणकुंबी, जांबोटी, चोर्ला, आंबोली इथं ते वर चढलं की पाऊस. वादळ जमिनीवर आलं नाही तरी हे होतंय. क्यार सुरुवातीला रत्नागिरीच्या बाजूला कोकण किनाऱ्याजवळच होतं, तिथंच त्यानं जोर धरला आणि मग पश्चिमेकडं गेलं. ते सुपर सायक्लोन झालं तोपर्यंत आपल्यापासनं लांब गेलेलं. म्हणजे आपल्याला त्रास झाला तो ते लहान असताना.
त्यामुळं नाव किती मोठं, कॅटेगरी काय हे बघू नका. ते कुठं आहे आणि कुठल्या दिशेनं सरकायलंय हे बघा. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यापासनं दोन-तीनशे किलोमीटरवर साधा डिप्रेशन असला तरी आपल्या पश्चिम पट्ट्यात पाऊस देऊ शकतो. आणि हजार किलोमीटरवर भलंमोठं वादळ असलं तर इकडं कोरडं ऊनही असू शकतं.

जांबोटीकर
दर्यावर्दी काका, इतकं सोपं करून आजपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. अजून लिवा. डिप्रेशन, डीप डिप्रेशन हे काय प्रकार?

दर्यावर्दी_शहापूर
वाऱ्याच्या वेगावर ठरतंय. आयएमडीच्या (भारतीय हवामान खात्याच्या) हिशोबात वारा ताशी ३१ ते ४९ किलोमीटर असला तर डिप्रेशन, ५० ते ६१ डीप डिप्रेशन. ६२ च्या वर गेलं की चक्रीवादळ, आणि तेव्हाच नाव मिळतं. ८९ च्या वर तीव्र, ११८ च्या वर अतितीव्र, असं चढत जाऊन २२२ च्या वर सुपर सायक्लोन. पण यात पाऊस किती हे कुठंच नाही हे लक्षात घ्या. ही सगळी वाऱ्याची मोजणी. बोटीला वारा आणि लाट मारते म्हणून दर्यात ती बरोबर आहे. शेतकऱ्याला पाऊस मारतो, त्यामुळं त्याला हा आकडा पुरत नाही.

हिडकल
नावं कोण ठेवतंय ओ? ‘बिपरजॉय’ आमच्या आजीला म्हणताच येईना, ती बिचारी ‘बिपीनचं वादळ’ म्हणायची 😄

भूगोल_मास्तर
@हिडकल, नावं १३ देश मिळून देतात. भारत, बांगलादेश, म्यानमार, श्रीलंका, मालदीव, पाकिस्तान, ओमान, थायलंड, इराण, कतार, सौदी, यूएई, येमेन. प्रत्येकानं १३ नावं दिली, अशी १६९ नावांची यादी २०२० ला जाहीर झाली. त्यातलं पहिलं नाव निसर्ग, ते ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर आलं. बिपरजॉय बांगलादेशचं नाव, क्यार जुन्या यादीतलं म्यानमारचं. जाहीर करायचं काम दिल्लीच्या हवामान खात्याचं, कारण उत्तर हिंदी महासागराची जबाबदारी त्यांच्याकडं आहे.

चोर्लापार
मी मूळ बेळगावचा, नोकरीसाठी गोव्यात साखळीला असतो. दर आठवड्याला घाट चढतो-उतरतो. माझा अनुभव सांगतो, तौक्ते वादळाचा. १६ मे २०२१. लॉकडाऊन होतं म्हणून मी गोव्यातच अडकलेलो. इथं झाडं, विजेचे खांब किती पडले याला मोजदाद नव्हती, आमच्या भागात लाईट बरेच दिवस नव्हती. क्यारच्या वेळी एवढा वारा नव्हता आणि तौक्तेच्या वेळी होता, असं का?

दर्यावर्दी_शहापूर
तौक्ते किनाऱ्याला समांतर, दक्षिणेकडनं उत्तरेला गेलं, केरळ, कर्नाटक, गोवा, कोकण असं सगळ्यांच्या दारावरनं, आणि १७ मेला रात्री गुजरातला धडकलं. जहाजावर पहिल्या दिवशी शिकवतात की आपल्या गोलार्धात वादळ ज्या दिशेनं चाललंय त्याच्या उजव्या हाताची बाजू जास्त वाईट. कारण वादळाचा फिरता वारा आणि पुढं सरकायचा वेग तिथं एकाच दिशेला लागतात, बेरीज होते. तौक्ते उत्तरेला चाललेलं, म्हणजे उजवा हात पूर्वेला, म्हणजे अख्खा किनारा वाईट बाजूला. क्यार पश्चिमेकडं वळलं, त्याचा उजवा हात उत्तरेला मोकळ्या समुद्रावर. त्याच तौक्तेत समुद्रातल्या मुंबई हाय तेलक्षेत्राजवळ पी-३०५ हा बार्ज (कामगार राहायचा तराफा) बुडाला आणि त्यावरची कितीतरी माणसं गेली. इशारा होता. त्यानंतर इशाऱ्याबद्दल हलकं बोलणारा माणूस मला ऐकवत नाही.

वडगाव_काकू
खूप वाईट वाटलं होतं ती बातमी बघून. आमच्या ओळखीतलं एक पोरगं तेव्हा तिकडंच दुसऱ्या बोटीवर कामाला होतं, त्याची आई रात्रभर फोन घेऊन बसलेली.

अथणी_एक्सप्रेस
आमच्याकडं पण द्या की एखादा इशारा, ढग तरी बघायला मिळतील. ‘बेळगाव जिल्ह्यात ऑरेंज अलर्ट’ म्हणून शाळेला सुट्टी, आणि इथं पोरं उन्हात क्रिकेट खेळायलेत.

टिळकवाडी_टॉक
हे मात्र शंभर टक्के खरं. जिल्हा एवढा मोठा, एका टोकाला कणकुंबी जिथं मलप्रभा उगम पावते आणि जूनपासनं धुकं उठत नाही, दुसऱ्या टोकाला अथणी, रायबाग, पावसाच्या सावलीत. एकच रंग दोघांना लावला की एकाला कमी आणि दुसऱ्याला फुकट.

भूगोल_मास्तर
रंग जिल्ह्याला असतो, पण त्याबरोबर जे वाक्य असतं ते कुणी वाचत नाही. ‘तुरळक ठिकाणी मुसळधार’ असेल तर जिल्ह्यातल्या चौथा हिस्सा किंवा त्याहून कमी ठिकाणी ही शक्यता. ‘काही ठिकाणी’ म्हणजे निम्म्यापर्यंत, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे पाऊणपर्यंत, त्याच्या वर ‘बहुतांश’. आणि मुसळधार म्हणजे २४ तासांत ६४.५ मिलीमीटरच्या वर, ११५.६ च्या वर अतिमुसळधार, २०४.५ च्या वर अत्यंत मुसळधार. आता बेळगावला ‘तुरळक ठिकाणी मुसळधार’ आलं तर ती तुरळक ठिकाणं पश्चिमेकडं घाटाच्या कडेला असणार हे आपल्याला न सांगता कळतं. अथणीकरांनी निवांत सोयाबीन वाळवावं.
अजून एक. खात्याचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो. म्हणजे ‘पहिला दिवस’ म्हटलं तर त्यात उद्या पहाटेचा पाऊस आला. लोक म्हणतात काल पडणार म्हणाले आणि आज पहाटे पडला, अंदाज चुकला. चुकलेला नसतो.

कॅम्पातली_सुरमई
मी शेतकरी नाही, पण मासेखाऊ आहे, त्यामुळं माझा पण संबंध 😊 कॅम्पच्या मार्केटात समुद्राचा अंदाज सगळ्यात आधी कळतो. बावटा (बंदरावर धोक्याचा झेंडा) लागला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मावशी म्हणतात ‘कारवारची गाडी नाही आली गो’. मग बांगडा दुप्पट, सुरमईकडं बघायचंच नाही. १ जून ते ३१ जुलै तर बंदीच असते किनाऱ्यावर, तेव्हा सुकट, सुके बांगडे. पण मला प्रश्न पडतो, कधी कधी इथं लख्ख ऊन, गोव्यातही ऊन, आणि मासे नाहीत. विचारलं की म्हणतात ‘पाण्याला जोर हाय’. हे काय असतंय?

दर्यावर्दी_शहापूर
सुरमईताई, त्या मावशी बरोबर सांगतात. लाटा दोन तऱ्हेच्या. एक तिथल्या तिथं वाऱ्यानं उठलेल्या, वारा पडला की पडतात. दुसऱ्या लांबनं आलेल्या, त्यांना स्वेल म्हणतात. खाली हिंदी महासागराच्या पार दक्षिणेला वादळ झालं की तिथनं निघालेली स्वेल हजारो किलोमीटर प्रवास करून काही दिवसांनी आपल्या किनाऱ्याला लागते. वर आकाश निळं असतं, वारा नसतो, आणि पाणी मात्र एकदम उचलतं. हैदराबादला इन्कॉइस म्हणून संस्था आहे, ती यासाठी वेगळा इशारा काढते, ‘उंच लाटा’, ‘स्वेल सर्ज’ असा. सहलीला जाणाऱ्यांनी पावसाचा अंदाज बघून चालत नाही, हा बघायचा.

चोर्लापार
हे मोठ्या अक्षरात लिहा. बेळगाव, कोल्हापूर, हुबळीकडची मंडळी शनिवारी रात्री निघतात, सकाळी बीचवर, ऊन बघून सरळ पाण्यात. लाल झेंडा लावलेला असतो, जीवरक्षक शिट्ट्या मारतात, ऐकत नाहीत. किनाऱ्यावरनं आत ओढणारा प्रवाह असतो तो वरनं शांत दिसतो, दोन्ही बाजूला लाटा फुटायलेत आणि मधे पट्टा सपाट, लोकांना वाटतं इथं बरं आहे. तिथंच जातात. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडं सरळ पोहायचं नाही, दमून जाल. आडवं, किनाऱ्याला समांतर पोहून त्या पट्ट्यातनं बाहेर यायचं, मग आत.

निपाणीकर
आणि बातमीत ‘३ मीटर उंच लाटा’ म्हणतात ते? म्हणजे सगळ्या लाटा ३ मीटर?

दर्यावर्दी_शहापूर
नाही. जेवढ्या लाटा येतात त्यातल्या सगळ्यात मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी म्हणजे तो आकडा. त्यामुळं बऱ्याच लाटा त्याहून लहान असतात, पण अधूनमधून एखादी जवळजवळ दुप्पट येऊ शकते. ३ मीटर म्हटलं की ५-६ मीटरची एखादी येणार हे धरून लहान बोटीनं बाहेर पडायचं का ते ठरवायचं.

खलाश्याची_बहीण
मी पहिल्यांदाच लिहितेय इथं. आम्ही खानापूर तालुक्यातले. माझा धाकटा भाऊ कर्नाटक किनाऱ्यावर मालपे बंदरात ट्रॉलरवर कामाला आहे. एकदा बाहेर पडले की आठ-दहा दिवस येत नाहीत, लांब खोल समुद्रात जातात, तिथं मोबाईलला रेंज नसते. ‘मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये’ असं टीव्हीवर येतं तेव्हा तो आधीच आत असतो. मागं एकदा विचारलं मालकाला तर ‘काळजी करू नका’ एवढंच म्हणाले, बोट कुठं आहे ते सांगितलं नाही. आईला रात्रभर झोप नाही. अशा वेळी त्यांना आत कळतं का? घरच्यांनी कुणाला विचारायचं?

वडगाव_काकू
बाळ, तुझा निरोप वाचून गलबलून आलं. दर्यावर्दी भाऊ, हिला आधी सांगा, भाताचं नंतर.

दर्यावर्दी_शहापूर
सांगतो. बहिणी, तू म्हणतेस तेच २०१७ ला ओखी वादळाच्या वेळी मोठ्या प्रमाणात झालं. नोव्हेंबरच्या शेवटी श्रीलंकेजवळ सिस्टीम झाली आणि कन्याकुमारीच्या दक्षिणेला येऊन फार थोड्या वेळात वादळ झालं. तमिळनाडू, केरळच्या बोटी आधीच कित्येक दिवस खोल समुद्रात होत्या, त्यांच्यापर्यंत इशारा पोचलाच नाही, कितीतरी जण परत आले नाहीत. कितीएक बोटी भरकटत, आसरा शोधत वर कोकणापर्यंत आल्या, देवगडला येऊन थांबल्या. त्याच्या आधी २००९ च्या नोव्हेंबरला फयान वादळात आपल्या कोकणातल्या बोटी सापडल्या.
ओखीनंतर बदल झाला आहे हे खरं. आता उपग्रहावरनं थेट बोटीवर संदेश पाठवायची सोय आहे, इस्रोनं बनवलेले ट्रान्सपाँडर बोटींवर बसवायलेत, त्यात रेंज लागत नाही आणि संकटात बटण दाबून संदेश उलटाही पाठवता येतो. व्हीएचएफ रेडिओ असतो, त्याचा १६ नंबरचा चॅनेल संकटासाठी राखून ठेवलेला, सगळी जहाजं तो ऐकत असतात. भावाला पुढच्या वेळी घरी आल्यावर चार गोष्टी विचार: बोटीवर ट्रान्सपाँडर आहे का आणि चालू असतो का, व्हीएचएफ चालतो का, लाईफ जॅकेट माणसागणिक आहे का, आणि बोटीचा नोंदणी नंबर काय. नंबर घरात भिंतीवर लिहून ठेव. तटरक्षक दलाचा फुकट नंबर १५५४, चोवीस तास. बोटीचा नंबर सांगितलास तर त्यांना शोधायला धागा मिळतो. मालपेच्या मत्स्य खात्याच्या ऑफिसचा आणि बोटवाल्यांच्या संघाचा नंबरही आणून ठेव. मालकाला ‘बोट कुठं आहे’ हे विचारायचा तुला पूर्ण हक्क आहे, लाजू नकोस.

खलाश्याची_बहीण
काका, खूप आभार. लिहून घेतलं. लाईफ जॅकेटचं तर मी कधी विचारलंच नव्हतं.

हिडकल
१५५४ मी पण सेव्ह केला. हा धागा वर पिन करा कुणीतरी.

येळ्ळूरचा_मसूर
बहिणीचं आधी होणं बरोबरच होतं. आता परत भाताकडं येतो. माझं म्हणणं आहे की आपला पाऊस नुसता अरबी समुद्राचा नसतो. एका वर्षी अरबी समुद्र शांत आणि इकडं धो धो, ऑक्टोबरमध्येच.

भूगोल_मास्तर
२०२० असणार. बंगालच्या उपसागरातनं डीप डिप्रेशन आलं, १३ ऑक्टोबरला काकीनाड्याजवळ जमिनीवर चढलं, तेलंगणा, उत्तर कर्नाटक, दक्षिण महाराष्ट्र असं आडवं चालत अरबी समुद्रात उतरलं. हैदराबादेत पूर, कलबुर्गीत पूर, सोलापूर-पंढरपूरला पूर. २०२१ ला तर गुलाब वादळ आंध्र-ओडिशाकडनं चढलं, देश ओलांडून अरबी समुद्रात आलं, तिथं पुन्हा जोर धरून शाहीन नावानं ओमानला गेलं. त्यामुळं ऑक्टोबरला दोन्ही समुद्र बघायचे. पूर्वेकडनं येणारं असलं तर आधी अथणी, रायबाग, गोकाक भिजणार आणि मग आपण. अथणी_एक्सप्रेस, तुमचा इशारा तिकडनं येतो.

अथणी_एक्सप्रेस
म्हणजे आमचा पाऊस मागच्या दारानं 😄 पण खरं आहे मास्तर, २०२० ला कांदा गेला आमचा.

टिळकवाडी_टॉक
आणि बिपरजॉयला उलटं झालं ना? २०२३ चा जून आठवतो, बेळगावला पाणी देणारं राकसकोप आटलं, नळाला पाणी कधी येणार ते सांगता येईना, आणि बातम्यांत वादळ वादळ.

दर्यावर्दी_शहापूर
होय. बिपरजॉय ६ जूनला झालं आणि १५ ला गुजरातला जखाऊजवळ चढलं, मधले सगळे दिवस अरबी समुद्रात फिरत होतं. पावसाळ्याचं वारं, बाष्प त्यानं स्वतःकडं ओढून घेतलं. मान्सून केरळात ८ जूनला आला खरा पण पुढं सरकायला जीवच नव्हता. आणि २०२५ ला त्याच्या उलट, २४ मेला रत्नागिरीजवळ डिप्रेशन जमिनीवर आलं, त्याच दिवशी केरळात मान्सून जाहीर झाला, मेमध्येच सगळीकडं चिखल.

जांबोटीकर
त्या मेमध्ये आमची धूळवाफ (कोरड्या मातीतली) पेरणी राहिली. शिवारात ट्रॅक्टर घालता येईना, मग चिखल करून रोप लावली, खर्च वाढला. बरं, आता मला एक सांगा, किती दिवस आधी ठरवायचं? समजा मला मजूर चार दिवस आधी सांगायचे आहेत.

दर्यावर्दी_शहापूर
जहाजावर आमचा जुना नियम, १-२-३. वादळ उद्या कुठं असेल या अंदाजात १०० सागरी मैलांची चूक धरायची, परवासाठी २००, तेरवासाठी ३००. एक सागरी मैल म्हणजे १.८५ किलोमीटर. म्हणजे तीन दिवसांनंतरची जागा साडेपाचशे किलोमीटर इकडं-तिकडं धरून जहाज लांब ठेवायचं. आता अंदाज त्याहून बरेच सुधारलेत, पण जिवाचा प्रश्न असतो म्हणून एवढं हातचं राखतात. नकाशावर वादळाच्या वाटेभोवती जो फुगत जाणारा शंकू काढतात तो याचसाठी. लोक मधली रेघ बघतात. रेघ बघू नका, शंकू बघा. शंकू आपल्या किनाऱ्याला घासत असेल तर धरा की पाऊस शक्य आहे.
माझ्या मते असं करावं. दर गुरुवारी आयएमडी पुढच्या दोन आठवड्यांचा समुद्रातल्या सिस्टीमचा अंदाज काढते. त्यात शक्यता कमी, मध्यम, जास्त अशी लिहिलेली असते. तो बघून मजुरांशी नुसतं बोलून ठेवायचं, पक्कं करायचं नाही. सिस्टीम झाली की रोज सकाळचं बुलेटिन बघायचं, तिची जागा आणि दिशा. वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असते, त्यात साडेपाच तास मिळवा. तीन दिवस उरले की जिल्ह्याचा पावसाचा अंदाज बघून पक्कं करायचं.

चोर्लापार
आणि ऐन दिवशी पणजीचा रडार. आयएमडीच्या साईटवर फोटो येतो, थोड्या थोड्या वेळानं बदलतो. ढग कुठनं कुठं सरकायलेत हे दोन-तीन चित्रं बघितली की कळतंय. मी घाट चढायच्या आधी तेच बघतो. भात आडवं असेल तर भारे बांधून गंजीला लावायला तेवढा वेळ मिळतो.

येळ्ळूरचा_मसूर
पण ऑक्टोबरचा सगळा पाऊस वादळाचा थोडाच असतोय. दुपारनंतर ढग येतात, कडाडतंय, तासभर पडतो आणि निघून जातो. त्याचा समुद्राशी काय संबंध?

भूगोल_मास्तर
बरोबर, तो परतीच्या दिवसांतला गडगडाटी पाऊस, दुपारच्या उकाड्यानं वाढलेले ढग. समुद्राच्या बुलेटिनात तो सापडायचा नाही. त्याला दामिनी ॲप, आजूबाजूला वीज कुठं पडायलीये ते दाखवतं. त्या पावसापेक्षा विजेनं माणसं जास्त जातात, शिवारात झाडाखाली थांबू नका एवढं सांगतो. शेतीसाठी मेघदूत ॲप आहे, त्यात मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी सल्ला येतो. आणि कर्नाटक सरकारच्या आपत्ती निरीक्षण केंद्राचे पर्जन्यमापक ग्रामपंचायतीगणिक बसवलेत, त्यामुळं कणकुंबीत किती आणि खानापुरात किती हे वेगळं कळतं.

निपाणीकर
ते कन्नडमध्ये असतंय मास्तर, आमच्या वडिलांना वाचता येत नाही.

भूगोल_मास्तर
आकडे तेच असतात. माझ्या शेजारचे कन्नड शिक्षक मला वाचून दाखवायचे, मी त्यांना कोकणच्या बातम्या मराठीतनं सांगायचो. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकानं रोज सकाळी दोन ओळी मराठीत टाकल्या तरी शंभर घरांचं काम होईल. त्यासाठी सरकारची वाट कशाला बघायची?

जांबोटीकर
हे मी करतो. आमच्या ग्रुपवर उद्यापासनं. सिस्टीम कुठं, कुठं चाललीये, आपल्या तालुक्याला पाऊस किती ठिकाणी. तीनच गोष्टी. काका, चुकलं तर सांगाल ना?

दर्यावर्दी_शहापूर
जरूर. मला पण ॲड कर.

टिळकवाडी_टॉक
आम्हाला शहरातल्यांना पण घ्या, मामांना पाठवायला.

कॅम्पातली_सुरमई
जांबोटीकर, त्यात चौथी ओळ टाका प्लीज, मच्छीमारांना इशारा आहे का नाही. मला बाजाराला जायचं का ते ठरवता येईल आणि या ताईच्या घरी पण कळेल.

जांबोटीकर
टाकतो सुरमईताई. खलाशी ताई, तुमचा नंबर इथं लिहू नका, मला मेसेज करा, मी ग्रुपला घेतो. मालपे कर्नाटकात येतंय, त्यामुळं त्या किनाऱ्याची ओळ मी वेगळी लिहीन, गोवा-कोकणची वेगळी.

खलाश्याची_बहीण
मेसेज केलाय दादा. भाऊ परवा बंदरात येतोय, ट्रान्सपाँडरचं विचारून इथंच सांगते.